ओट्याची उंची

मंडळी, आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे, पण घाबरू नका, रेसिपी देणार नाहीये. दर शनिवारी इथे काहीतरी जुनं उकरून काढायचं हा आपला शिरस्ता, तर आज उकरायचंय ते हे: लहान मुलं घरात स्वयंपाक शिकायची, ती शिकेनाशी कधी झाली? आणि का?

याचं ठरलेलं उत्तर तुम्ही कुठल्याही लग्नात ऐकलं असेल. "हल्लीच्या मुलांना टीव्ही-मोबाइलमधून वेळ कुठे!" किंवा मग, "हल्लीच्या आयांनाच कुठे येतं!" मला ही दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. एखादं फीचर अचानक कोणी वापरेनासं झालं, तर शहाणा माणूस आधी युजरला शिव्या घालत नाही, इंटरफेसमध्ये काय बदललं ते बघतो. स्वयंपाकघरात बदललेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उंची. चूल जमिनीवर होती. आता गॅस ओट्यावर आहे.

जुन्या मराठी घरातला स्वयंपाक हे बहुतांश बसून करायचं काम होतं. चूल जमिनीवर, तिचा वैल बाजूला. विळीवर चिरायचं ते बसून. पाटा-वरवंटा, जातं, परात, सूप, पोळपाट, ताकाची रवी, सगळं जमिनीलगत. म्हणजे रांगतं पोर बाजूला बसलं की त्याचे डोळे आणि आजीचे हात एकाच पातळीवर. त्याला शिकवायला वेगळा वेळ काढावा लागत नसे. आधी नुसतं बघायचं. मग कणकेचा एक गोळा हातात मिळायचा, त्याची चिमणी करायची. मग शेंगा फोडणं, लसूण सोलणं, मेथी निवडणं, वालाच्या डाळिंब्या सोलणं. दिवाळीत शंकरपाळे कातणं. मग कधीतरी पहिली वेडीवाकडी पोळी. विस्तवाजवळचं काम सगळ्यात शेवटी. अगदी पायरीपायरीने दिलेले ॲक्सेस राइट्स म्हणा ना! :-)

आणि याची टेस्ट एन्व्हायर्नमेंट म्हणजे भातुकली. मातीची बोळकी, सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी, ऐपत असेल त्या घरात पितळेची इवलीशी भांडी. पण त्यातला खाऊ खरा असायचा. चुरमुरे, गूळ, दाणे, पोहे. मोजायचं, कालवायचं, वाढायचं, आणि कोणाला कमी पडलं तर भांडण सोडवायचं. स्वयंपाकातला जो अवघड भाग आहे, म्हणजे किती माणसांना किती लागेल हा, तो भातुकलीत फुकट शिकून व्हायचा.

आता इथे थांबून "काय ते सोनेरी दिवस" असा उसासा टाकायचा मोह होतो. तो टाळू या, कारण त्या चित्रात तीन मोठे बग आहेत.

पहिला, धूर. फुंकणीने चूल फुंकत दिवस काढणाऱ्या बाईच्या डोळ्यांचं आणि फुप्फुसांचं काय व्हायचं हे आता आपल्याला नीट माहीत आहे. दुसरा, सोवळं. बऱ्याच पांढरपेशा घरांत स्वयंपाक सोवळ्यात व्हायचा, आणि बाहेर धुळीत खेळून आलेल्या पोराने तिथे हात लावायची सोय नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन आहे ते वाचताना आधी हसू येतं आणि मग अंगावर येतं. तेव्हा 'मुलं चुलीपाशी शिकायची' हे वाक्य प्रत्येक घराला लागू नाही.

तिसरा बग सगळ्यात गंभीर. हे शिक्षण मुलींसाठी होतं आणि त्याला डेडलाइन होती. डेडलाइन म्हणजे लग्न. १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला तेव्हा मर्यादा १० वरून १२ वर नेली, तर त्यावरही पुण्यात केवढं रण माजलं होतं. म्हणजे आठव्या-नवव्या वर्षी मुलीला भाकरी यायला हवी ही हौस नव्हती, पुढच्या घरी बोलणी खाऊ नयेत म्हणून केलेली तयारी होती. लाडाने शिकवणं आणि धास्तीने शिकवणं यात फरक असतो. आपण ज्याला 'परंपरेने आलेलं ज्ञान' म्हणतो त्यात या धास्तीचा वाटा किती, हे आजीच्या पिढीला विचारून बघा.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं वय किमान १४ केलं. तो पाळला गेला कमीच, पण सुशिक्षित घरांत लग्नं लांबू लागली होती. दरम्यान शाळा आल्या होत्या. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या गोटातून टीका झाली ती याच मुद्द्यावर, की पुढे घर चालवायचंय त्या मुलींना हे शिक्षण काय कामाचं? मुलगी दिवसभर शाळेत असेल तर चुलीपाशी कधी बसणार, हा प्रश्न त्या टीकेच्या पोटात होताच. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा त्यांनी घरगुती व्यवस्था हा विषयच अभ्यासक्रमात घातला. आईच्या शेजारी बसून शिकायची गोष्ट आता फळ्यावरही आली.

आणि पुस्तकातही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० मधलं. त्यानंतर साठ वर्षांनी, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली. कमलाबाईंचं शालेय शिक्षण चौथीपर्यंतचं, पण तोळा-शेराच्या भानगडी बाजूला ठेवून त्यांनी प्रमाणं दिली ती वाटी-चमच्यात. जगातल्या कुठल्याही घरात वाटी असतेच! ते पुस्तक इतकं का खपलं याचा विचार केला तर जाणवतं, की विचारायला शेजारी कोणी नसलेल्या मुलींची एक अख्खी पिढी तयार झाली होती. डॉक्युमेंटेशनची गरज केव्हा पडते? शेजारच्या खुर्चीवरचा सीनियर निघून गेल्यावर.

आता वळू या माझ्या आवडत्या भागाकडे, म्हणजे ओट्याकडे. त्यासाठी थेट जर्मनीत जावं लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्टमध्ये घरांची प्रचंड टंचाई होती. एर्न्स्ट माय या वास्तुरचनाकाराच्या नेतृत्वाखाली तिथे स्वस्त घरांचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातल्या स्वयंपाकघराचं काम मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण ऑस्ट्रियन बाईंकडे आलं. साल १९२६. अमेरिकेत ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातलं 'टाइम अँड मोशन' घरकामाला लावून दाखवलं होतं. भांडं उचलायला किती पावलं, ताटली ठेवायला किती सेकंद, असं. शुट्टे-लिहोत्स्कींनी ते वाचलं होतं, शिवाय आगगाडीच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवलं. त्यातून निघालं 'फ्रँकफर्ट किचन': सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटर. सलग ओटा, वर कपाटं, पीठ-साखरेसाठी ॲल्युमिनियमचे खण. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आपल्या आजच्या मॉड्युलर किचनची ही पणजी.

गंमत बघा. ही रचना बाईचे श्रम वाचवण्यासाठी होती, हेतू शंभर टक्के चांगला. पण मोजमाप एकाच माणसाचं धरलं होतं. दुसरा माणूस आत आला की अडचण. मुलांसाठी सोय काय? तर बाहेरच्या खोलीकडे सरकतं दार, म्हणजे आईला काम करता करता मुलांवर लक्ष ठेवता येईल. म्हणजे मुलं स्वयंपाकघराच्या बाहेर असणार हे डिझाइनमध्येच गृहीत! आणि राहायला आलेल्या लोकांनी केलेल्या तक्रारींपैकी एक काय होती? तर ते पीठ-साखरेचे खण लहान मुलांच्या हाताला लागतात. सगळ्या किचनमध्ये मुलांच्या उंचीची तेवढी एक गोष्ट उरली होती, आणि ती बग म्हणून नोंदवली गेली.

पुण्या-मुंबईचे फ्लॅट थेट फ्रँकफर्टवरून उचलले असं मी म्हणत नाहीये. पण गणित तेच होतं: जागा कमी, माणूस एक, काम उभ्याने. १९५५ साली मुंबईत बर्मा-शेलने स्वयंपाकाचा गॅस आणला, त्याच दशकाच्या शेवटी प्रेशर कुकर आले. सिलिंडर खाली राहणार तर शेगडी वर हवी, म्हणून काळ्या कडाप्प्याचा ओटा आला. पुढे ग्रॅनाइटचा. धूर गेला, बायांची कंबर वाचली, वेळ वाचला. याबद्दल ओट्याचे उपकारच आहेत. पण ओटा साधारण पावणेतीन फूट आणि चार वर्षांचं मूल साधारण सव्वातीन फूट. त्याच्या डोळ्यांपुढे ओट्याची कड असते. कढईत काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. दिसतो फक्त आईचा पदर किंवा ओढणी, आणि ऐकू येतं, "इथे येऊ नकोस, भाजेल!" जे दिसत नाही ते शिकणार कसं?

याच प्रश्नावर जगात दुसरीकडे उलट विचार झाला होता. १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह काढलं आणि टेबल-खुर्च्या मुलांच्या मापाच्या करून घेतल्या. वाढणं, ओतणं, पुसणं ही मुलांची रोजची कामं, आणि ती अभ्यासाइतकीच महत्त्वाची. हा विचार आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडकांनी आणला. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, पानं, बिया यांच्यावर त्यांनी भागवलं. तिकडे सेवाग्रामला १९३७ नंतर 'नई तालीम' सुरू झाली. तिथे सामुदायिक स्वयंपाकघर हा शिक्षणाचाच भाग होता. धान्य किती, माणसं किती, खर्च किती, हे गणित तिथे करायचं. आणि मुलगेही करायचे, हे महत्त्वाचं.

कारण सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. चुलीच्या काळात मुलीला आत ओढलं आणि मुलाला बाहेर खेळायला पाठवलं. ओट्याने दोघांनाही बाहेर काढलं. पण मुलीला पुढे लग्न नावाच्या गोष्टीने परत आत खेचलं, मुलाला कोणी खेचलंच नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे बघा. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरातल्या बिनपगारी कामात रोज सहभागी, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यातही बाईची २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. मोजणी सहा वर्षांपासून आहे हे लक्षात घ्या. म्हणजे सवय लागायची ती तिथपासूनच लागते.

माझ्या आईचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. बाबा आयुष्यभर हिशेबात पक्के, बँकेतले. त्या आठवड्यात तूरडाळ कुठल्या डब्यात आहे ते त्यांना हॉस्पिटलमध्ये फोन करून विचारावं लागलं. आईने सलाइन लावलेल्या हाताने फोन धरून डब्यांची यादी सांगितली. वरून तिसरा, स्टीलचा, पोचा आलेला. मला बाबांचा राग नाही आला. ते गरीब बिचारे दाराबाहेर वाढलेले. पण आजारी माणसाला ती एक सुट्टीही मिळू नये, याचं वाईट वाटलं. आणि लहान मुलाला स्वयंपाक शिकवणं हा 'हॉबी क्लास' नाही हे तेव्हा पक्कं कळलं.

मग करायचं काय? नोकरी दोघांची, आठवड्यात जमत नाही, मान्य. पण इतिहासाने उत्तर तसं सोपं देऊन ठेवलंय. मूल ओट्यापर्यंत उचलता येत नसेल तर काम खाली आणा. हल्ली ओट्याशी लावायचे कठड्याचे लाकडी स्टूल मिळतात, ते चांगलेच, पण फुकटचा उपाय म्हणजे वर्तमानपत्र पसरून जमिनीवर बसणं. मटार, शेंगा, मेथी, कणीक, पोळपाट, यातल्या कशालाच गॅस लागत नाही. रविवारी सकाळी अर्धा तास. सांडणार, पसारा होणार, वेळ दुप्पट लागणार, ते धरूनच चालायचं.

ताईकडे सध्या हा प्रयोग चालू आहे. भाचा पाच वर्षांचा आहे आणि शिकवायचं काम भावजींकडे दिलंय, कारण त्यांनाही पोळी येत नाही. दोघं जमिनीवर बसून एकदमच शिकतायत. गेल्या रविवारी भावजींची ऑस्ट्रेलिया झाली, पोराची श्रीलंका. श्रीलंका फुगली म्हणे!