हिरव्या ठिपक्याच्या पलीकडे : घरातली व्हीगन खरेदी

दूध, दही, तूप, मध यांसह प्राण्यांपासून मिळणारी कोणतीही वस्तू न वापरणाऱ्यांसाठी 'व्हीगन' हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये रूढ झाला. आपल्याकडे महानगरांत तो आता परिचयाचा झाला आहे; मात्र तो शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर येतात ती बदामाच्या दुधाची महागडी खोकी आणि परदेशी चीजची पाकिटे. प्रत्यक्षात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळणेश्वरसारख्या किनाऱ्यावरच्या गावात, जिथे घरामागे नारळ आणि परड्यात रातांबा आहे, तिथला निम्मा स्वयंपाक कोणी नाव न देताही प्राणिजन्य पदार्थांवाचून होत आला आहे. अडचण येते ती दुकानातून आणलेल्या वस्तूंची, देवघराची आणि एका जीवनसत्त्वाची.

ठिपका काय सांगतो, काय सांगत नाही

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण कायद्याच्या व्याख्येत दूध आणि दुधाचे पदार्थ मांसाहारात धरले जात नाहीत. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार मध, मेण आणि लाखेपासून केलेले शेलॅकही त्यातून वगळले आहे. म्हणजे हिरवा ठिपका असलेल्या बिस्किटात दुधाची भुकटी असू शकते, चॉकलेटच्या गोळीवरची चकाकी लाखेच्या किड्याने दिलेली असू शकते आणि बटाट्याच्या वेफर्सच्या मसाल्यात व्हे पावडर असू शकते. यात फसवणूक नाही. ठिपक्याचे कामच तेवढे आहे.

व्हीगन ग्राहकासाठी वेगळे चिन्ह २०२२ मध्ये आले. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्या वर्षी व्हीगन खाद्यपदार्थांचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. हिरव्या चौकटीत इंग्रजी 'व्ही' हे अक्षर आणि त्याला फुटलेले पान, असे हे चिन्ह आहे. ते लावायचे तर घटकांपासून प्रक्रियेत वापरलेल्या विकरांपर्यंत काहीही प्राणिजन्य चालत नाही. अर्थात हे चिन्ह नाही म्हणून वस्तू व्हीगन नाही, असे होत नाही. पोह्यांना आणि तूरडाळीला प्रमाणपत्राची गरज काय?

म्हणून घटकांची यादी वाचणे हाच खरा उपाय. मिल्क सॉलिड्स, केसिन, व्हे आणि बटर ऑइल हे शब्द दुधाचे. ९०१ क्रमांक मधमाश्यांच्या मेणाचा, ९०४ शेलॅकचा आणि १२० हा कोचिनील किड्यापासून केलेल्या तांबड्या रंगाचा, कार्मिनचा. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून होते आणि औषधांच्या कॅप्सूलचे कवच पुष्कळदा त्याचेच असते. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात, पण डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःच्या मनाने बदलू नये किंवा बंद करू नये. 'ड-३' जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेदापासून काढतात. दगडफुलापासून काढलेला पर्यायही बाजारात आहे, तो मागून घ्यावा लागतो.

किनाऱ्यावरचा स्वयंपाक

कोकणी घरात नारळाच्या दुधाला नुसते 'रस' म्हणतात. घावन आणि गूळ घातलेला रस, शिरवाळे आणि रस, आमसुलाची सोलकढी, हळदीच्या पानातले पातोळे, ओल्या काजूगरांची उसळ, कुयरीची भाजी, फणसपोळी, आंबापोळी या कशातही मुळात दूध-तूप नाही. उकडीच्या मोदकावर तुपाची धार हवीच असा आग्रह असतो. तिथे दाट रस वाढला तर चव बिघडत नाही, उलट गोडवा वाढतो असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कुळथाचे पिठले आणि मेतकूट-भात मात्र तुपावाचून थोडे कोरडे लागतात, हेही मान्य केले पाहिजे. कच्च्या शेंगदाणा तेलाची किंवा खोबरेलाची धार हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय.

रस काढण्याचे तंत्र सोपे आहे. एका नारळाचा चव, वाटीभर कोमट पाणी, मिक्सरमधून एकदा फिरवून पिळले की दाट रस. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ रस. आमटी-भाजीत पातळ रस आधी आणि दाट रस शेवटी घालावा. दाट रस खळखळून उकळला तर फुटतो. दह्यासाठी शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे दूध उकळून कोमट करावे आणि त्यात हिरव्या मिरचीची काही देठे बुडवून रात्रभर ठेवावे. देठांवरचे जिवाणू विरजणाचे काम करतात. पहिले दही जरा सैल लागते, त्याच्या विरजणाचे दुसरे नीट लागते.

दुकानात 'सोया दूध' शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की वनस्पतिजन्य पेयांवर 'दूध' हा शब्द लावायला प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रतिबंध केला. पाकिटावर 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' असे लिहिलेले असते. नारळाच्या दुधाचे नाव मात्र शाबूत राहिले.

पोषणाचा हिशेब

नारळाचा रस दुधासारखा दिसतो, पण त्याच्यासारखे पोषण देत नाही. त्यात प्रथिने आणि कॅल्शियम अगदी कमी, स्निग्धांश भरपूर. चहात घालायला ठीक. मुलाच्या पेल्यात रोजचे दूध म्हणून नाही. प्रथिनांसाठी सोयाबीन, कुळीथ, चवळी आणि मटकी. कॅल्शियमसाठी नाचणी, जिच्या १०० ग्रॅममध्ये ते साधारण ३५० मिलिग्रॅम असते (गाईच्या दुधात सुमारे १२०), आणि तीळ. धान्यातले कॅल्शियम शरीराला तुलनेने कमी मिळते. नाचणीला मोड आणले तर ते थोडे सुधारते.

खरा प्रश्न ब-१२ जीवनसत्त्वाचा आहे. वनस्पतींमधून ते भरवशाने मिळत नाही. त्याची प्रौढांची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच, पण ती भागली नाही तर रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात आणि मज्जातंतूंचे नुकसान कायमचेही ठरू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला, त्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत : सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी आढळले. या स्त्रिया व्हीगन म्हणून निवडलेल्या नव्हत्या. दुधाची मुभा असलेल्या समाजातली ही स्थिती आहे. दूधही सोडणाऱ्याने गोळी किंवा ब-१२ मिसळलेले अन्न घेतलेच पाहिजे आणि रक्ततपासणी करून घ्यावी. आंबवलेल्या पदार्थांतून किंवा शेवाळातून ते मिळते, या ऐकीव गोष्टींवर विसंबू नये. गर्भवती आणि लहान मुले यांच्याबाबत आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलणे अनिवार्य मानावे.

न्हाणीघर

साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' असेल तर त्यात चरबी आहे. 'सोडियम पामेट' असेल तर पामतेल. १९८३ मध्ये वनस्पती तुपातील चरबीच्या भेसळीचे प्रकरण देशभर गाजले, तेव्हापासून आपल्याकडचा ग्राहक चरबीबाबत जागरूक आहे. तरी ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल दोन्ही मार्गांनी तयार होते आणि नुसत्या नावावरून मूळ कळत नाही. तिथे उत्पादकाला पत्र लिहून विचारावे. क्रीममधील लॅनोलिन लोकरीचे, लिपस्टिकमध्ये मेण आणि कार्मिन, दाढीच्या आणि रंगाच्या ब्रशात डुकराचे केस. प्राण्यांवर सौंदर्यप्रसाधनांची चाचणी करण्यास आणि तशी चाचणी झालेली प्रसाधने आयात करण्यास भारतात २०१४ मध्ये बंदी आली. पण चाचणी झाली नाही याचा अर्थ घटक प्राणिजन्य नाहीत, असा होत नाही.

इथेही कोकणात उत्तर आहे. रातांब्याच्या बियांपासून काढलेले कोकमतेल थंडीत गोळ्यासारखे घट्ट राहते, तळहातावर चोळले की विरघळते. टाचांच्या भेगांवर आणि फुटलेल्या ओठांवर ते पिढ्यान्‌पिढ्या लावले जात आहे. केसांना खोबरेल, रिठा आणि शिकेकाई.

देवघर

वेळणेश्वराचे मंदिर अनेक घराण्यांचे कुलदैवत, त्यामुळे मुंबई-पुण्याहून अभिषेकासाठी कुटुंबे येतात. अभिषेकाच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध आणि साखर. मंदिरातील विधी मंदिराच्या परंपरेने होणार. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. घरच्या पूजेत मात्र गृहस्थाला मोकळीक असते. शहाळ्याच्या पाण्याचा किंवा नारळाच्या रसाचा अभिषेक, तिळाच्या तेलाचे निरांजन आणि नैवेद्याला सुके खोबरे, खसखस, खारीक, बदाम आणि खडीसाखरेचे पंचखाद्य. गंमत अशी, की सणाच्या पानात डावीकडे वाढले जाणारे दुसरे पंचामृत, म्हणजे तीळ, दाणे, खोबरे, चिंच, गूळ आणि मिरचीचे, ते मुळातच व्हीगन आहे.

सोवळ्याचा पीतांबर रेशमाचा आणि धाबळी लोकरीची. नेहमीच्या रेशमासाठी कोशातला किडा उष्णतेने मारतात. धुऊन, कोणी न शिवता वाळवलेले सुती धोतर किंवा नऊवारी हेही अनेक घरांत सोवळ्याला चालते. शंखाचा प्रश्न उरतो. तोही प्राण्याचेच कवच; पण आजोबांच्या काळापासून देव्हाऱ्यात असलेला शंख टाकून देण्याने कोणाचा जीव वाचत नाही, नवा विकत न घेणे पुरेसे आहे. कातडी चपला आणि पट्ट्यांनाही हाच नियम लावता येईल.

वेळणेश्वर किंवा गुहागरला उतरणाऱ्या व्हीगन पाहुण्याने खाणावळीत 'शाकाहारी' एवढेच सांगून थांबू नये. वरणावर तूप, अळूच्या भाजीत ताक आणि घावनाच्या तव्यावर लोणी आहे का, हे जेवण सांगतानाच विचारावे. किनाऱ्यावरची खाणावळ असल्याने तळणीचे तेल मासळीचे तर नाही ना, हेही विचारलेले बरे. बहुतेक ठिकाणी जेवण आगाऊ सांगितल्यावरच रांधतात, त्यामुळे सकाळी सांगितले तर दुपारी तसे पान मिळणे अवघड नसते.