दिल्लीचे खुले ग्रंथालय

जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्टेशनासमोर २७ ऑक्टोबर १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते एका ग्रंथालयाचे उद्घाटन झाले. युनेस्को आणि भारत सरकार यांनी मिळून उभारलेली ही दिल्ली पब्लिक लायब्ररी. ग्रंथालये दिल्लीला नवीन नव्हती. नवीन होते ते हिचे दोन नियम. सभासदाकडून वर्गणी घ्यावयाची नाही, आणि पुस्तकांची कपाटे वाचकाला बंद ठेवावयाची नाहीत.

या नियमांतील धाडस उमजण्यासाठी त्या वेळची दिल्ली डोळ्यांसमोर आणावयास हवी. १९४१ साली सुमारे नऊ लाख वस्तीचे हे शहर दहा वर्षांत सतरा लाखांवर गेले होते. फाळणीने उखडलेली लक्षावधी माणसे छावण्यांतून आणि नव्या वसाहतींतून संसार पुन्हा मांडीत होती. देशात शंभरांपैकी जेमतेम अठरा जणांना अक्षरओळख होती. अशा काळात, ज्याला स्वतःचे घर उरलेले नाही अशाच्याही हाती पुस्तक द्यावयाचे आणि ते परत येईल असे मानावयाचे, हा व्यवहारी मनाला उधळेपणाच वाटावा.

ही शंका महाराष्ट्रालाही परकी नव्हती. रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर येथील जुनी वाचनालये एकोणिसाव्या शतकात वर्गणीवर उभी राहिली. त्यांनी वाचनाची गोडी लावली, हे त्यांचे ऋण मोठेच. परंतु ज्याच्यापाशी वर्गणीचे पैसे नाहीत, तो उंबरठ्याबाहेर राहिला. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी ही उणीव ओळखली. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून त्यांनी संस्थानात मोफत ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी धाडली. बडोद्यात पेटीने केले, ते दिल्लीत १९५३ पासून मोटारीने केले. फिरते ग्रंथालय वस्त्यांच्या दाराशी जाऊ लागले.

ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग होता. प्रौढांसाठी व्याख्याने, चर्चा व नाटके होत. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही तेथे येण्यास निमित्त मिळावे, हा त्यामागील हेतू. युनेस्कोच्या वतीने फ्रँक गार्डनर यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्लीपाठोपाठ कोलंबियातील मेदेयीन व नायजेरियातील एनुगू येथेही असेच प्रयोग झाले.

पुस्तकांची मोजदाद वर्षाअखेर करता येते. पण सर्वस्व गमावून आलेल्या माणसाने कपाटातून आपल्या हाताने पुस्तक उचलले, चाळले आणि कोणापुढे हात न पसरता घरी नेले, तेव्हा नागरिक म्हणून त्याला जे परत मिळाले, त्याची नोंद कोणत्या वहीत करावयाची?