उलटी बाजू : ‘राजा’ जहाजावरील गोधडी



ज्यांच्या स्मरणार्थ आजचे हे व्याख्यान होत आहे, त्या आपल्या शिवणाच्या बाई मुलीने पुढे केलेला रुमाल हाती घेतला की आधी तो उलटा करीत. सुलट बाजूवरची फुले-पाने त्या मागाहून पाहत. मी वर्गात वरचा क्रमांक मिळवणारी, आणि त्या गर्वापायी शिवणाच्या तासाला मांडीवर शिष्यवृत्तीचे पुस्तक उघडे ठेवून बसणारी मुलगी. माझा रुमाल उलटा करून बाई एवढेच म्हणाल्या, “किती गाठी मारल्यास गं! घाई दिसते तुझी.” पुढे आयुष्यभर मी बखरी वाचल्या, पत्रव्यवहार वाचले, त्यांवर प्रबंध लिहिला. जे लिहिलेले आहे तोच इतिहास, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. आज मी बोलणार आहे ते एका गोधडीविषयी, आणि हा विषय निवडण्यामागे थोडे प्रायश्चित्तही आहे.

ही गोधडी ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. मी ती छायाचित्रांतून पाहिली आहे. जवळजवळ सव्वातीन मीटर लांब-रुंद, आणि २,८१५ तुकड्यांची. ती जिच्यावर शिवली गेली त्या जहाजाचे नाव ‘राजा’. ५ एप्रिल १८४१ रोजी हे जहाज इंग्लंडमधील वुलिच बंदरातून निघाले आणि १९ जुलै रोजी व्हॅन डीमेन्स लँड या बेटावरील होबार्टला लागले. या बेटाला १८५६ पासून टास्मानिया म्हणतात. जहाजावर १८० स्त्रिया होत्या, आणि त्या सर्व शिक्षा झालेल्या होत्या.

काळे पाणी म्हटले की आपल्याला अंदमान आठवते. परंतु अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रज सरकार आपल्याच देशातील गोरगरिबांना समुद्रापार धाडीत होते. ऑस्ट्रेलियात अशा सुमारे २५,००० स्त्रिया पाठवल्या गेल्या. त्यांतील बहुतेकींचा गुन्हा किरकोळ चोरीचा, आणि शिक्षा सात किंवा दहा वर्षांची. सात वर्षे संपल्यावर परतीचे भाडे मात्र ज्याचे त्याने द्यायचे. म्हणजे मुदतीची शिक्षा व्यवहारात जन्मठेपच ठरे.

या स्त्रियांच्या हाती सुई आली ती एलिझाबेथ फ्राय या क्वेकर पंथीय बाईंच्या खटपटीमुळे. १८१३ मध्ये त्या लंडनच्या न्यूगेट तुरुंगात प्रथम गेल्या आणि तेथील बायकापोरांची दशा पाहून हादरल्या. १८१७ मध्ये त्यांनी तेथे स्त्री-कैद्यांसाठी मंडळ काढले. १८२१ मध्ये त्यातून देशव्यापी संस्था उभी राहिली. या मंडळाच्या बायका निघणाऱ्या जहाजावर जात आणि प्रत्येक कैदी स्त्रीला एक पिशवी देत. पिशवीतल्या वस्तूंची यादी उपलब्ध आहे आणि ती मला एखाद्या सनदेइतकीच वाचनीय वाटते : बायबल, एप्रन, टोपी, शंभर सुया, टाचण्या, पांढऱ्या दोऱ्याचे चार गुंडे, काळा, निळा, तांबडा एकेक, रंगीत दोऱ्याच्या चोवीस लडी, अंगुस्तान, कात्री, कंगवा, दोन पौंड चिंध्या, आणि गरज असेल तिला चष्मा. हा चष्मा यादीत घालणाऱ्या बाईने कधीतरी स्वतः संध्याकाळच्या उजेडात सुई ओवली असणार, याविषयी मला शंका नाही.

चिंध्यांविषयी एक भाषिक विषयांतर करते. माझा तो जुना रोग आहे. या गोधडीच्या मधोमध छापील कापडातील पक्षी आणि फुले कातरून पांढऱ्या कापडावर बसवली आहेत. त्या कापडाचे इंग्रजी नाव ‘चिंट्झ’, म्हणजे आपली चीट. साध्या सुती कापडाला ते ‘कॅलिको’ म्हणतात, ते कालिकतवरून. हिंदुस्थानातील छापील कापडाने इंग्रजांना असे वेड लावले की तेथील विणकरांच्या रक्षणासाठी पार्लमेंटला १७०१ मध्ये आयातीवर आणि १७२१ मध्ये वापरावरही बंदी घालावी लागली. ती १७७४ मध्ये उठली, तोवर ते लोक ही विद्या शिकून चुकले होते. १८४१ मधल्या त्या चिंध्या त्यांच्याच गिरण्यांमधल्या. पण नाव आपले राहिले. जहाजाचेही नाव आपलेच.

‘राजा’वर या स्त्रियांबरोबर केझिया हेटर नावाची तेवीस वर्षांची तरुणी देखरेखीसाठी होती. ती आधी लंडनच्या मिलबँक तुरुंगात काम करी. व्हॅन डीमेन्स लँडचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन यांना तेथे असेच मंडळ काढण्यास मदत करावी, म्हणून तिला पाठवले होते. प्रवासात तिचा आणि कप्तान चार्ल्स फर्ग्युसन यांचा वाङ्‌निश्चय झाला आणि १८४३ मध्ये विवाह. या प्रेमकथेवर लेखणी झिजवणारे पुष्कळ आहेत. मी ती येथेच सोडते.

आता गोधडीकडे. खरे तर तिला गोधडी म्हणावे की नाही, असा प्रश्न आपल्या आया-आज्यांनी केला असता. आपली वाकळ जुन्या लुगड्याधोतरांचे थर देऊन, धावदोऱ्याने जाड केलेली असते. हिला थरही नाही आणि अस्तरही नाही. मधल्या चौकोनाभोवती तुकड्यांच्या पट्ट्यांची चौकट, तिच्याभोवती आणखी चौकट, अशी ती बाहेरबाहेर वाढत जाते. योगायोग पाहा : आपल्या खानापूरच्या आणि पलीकडे हल्याळ-यल्लापूरच्या रानांतील सिद्दी स्त्रिया नेमक्या उलट दिशेने जातात. त्या काठापासून आरंभ करून आत मध्याकडे येतात, आणि चार कोपऱ्यांवर घड्यांची फुले बसवल्यावाचून काम पुरे मानीत नाहीत. त्यांचेही पूर्वज जहाजांतूनच, मनाविरुद्ध, या किनाऱ्यावर आणले गेले होते.

‘राजा’वरील गोधडीच्या तळच्या कडेला रेशमी धाग्याने, बारीक फुलीटाक्यात एक लेख भरला आहे. लेख वाचणे हा माझा धंदा, म्हणून मी त्याच्याशी थोडी झटापट केली. आशय असा : कैदी-जहाजांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळातील स्त्रियांना आम्ही ही गोधडी अर्पण करतो, इंग्लंडमध्ये आणि प्रवासात त्यांनी आमच्यासाठी घेतलेल्या श्रमांची ही कृतज्ञ पोच, आणि उद्योगी राहण्याचा त्यांचा उपदेश आम्ही विसरलो नाही याचाही हा पुरावा. खाली तारीख, जून १८४१. म्हणजे किनारा दिसण्यापूर्वीच काम संपले होते.

ही भाषा कोणाची? वाक्य लांब, वळणदार, सुशिक्षित आहे. बेटाच्या नावात एका अक्षराची चूक आहे एवढेच. अर्जावर ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणाऱ्याच्या मनात आज्ञाधारकपणा असतोच असे नाही, हे दप्तरे चाळणाऱ्याला ठाऊक असते. हा लेख मंडळाच्या भाषेत लिहिलेला आहे आणि मंडळाला तो आवडेल असाच आहे. कृतज्ञता खोटी होती, असे मी म्हणत नाही. शंभर सुया आणि एक चष्मा देणाऱ्याविषयी कृतज्ञता वाटू शकते. पण या १८० जणींचे म्हणणे त्या ओळींत शोधणे म्हणजे रुमालाची सुलट बाजू पाहून गुण देण्यासारखे आहे.

म्हणणे टाक्यांत आहे. एका हाताचे टाके अगदी बारीक आणि समान, शेजारच्या तुकड्यावर ओबडधोबड, सुई नुकतीच धरायला शिकलेल्या बोटांचे. कोठे कोठे लहान तपकिरी डाग आहेत. ते सुई टोचून आलेल्या रक्ताचे. जहाजावर चढताना काही थोड्या स्त्रियांनी आपला व्यवसाय शिवणकाम म्हणून सांगितला होता; बाकीच्या बहुतेक घरकाम करणाऱ्या. डोलत्या जहाजावर, अपुऱ्या उजेडात, जिला येते तिने जिला येत नाही तिच्याशेजारी बसून हे केले.

होबार्टला गोधडी लेडी फ्रँकलिन यांना दिली गेली आणि तेथून ती इंग्लंडकडे परत धाडली गेली. १८४५ मध्ये एलिझाबेथ फ्राय निवर्तल्या. त्यानंतर जवळजवळ दीड शतक गोधडी नजरेआड होती. १९८७ मध्ये ती स्कॉटलंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि १९८९ मध्ये कॅनबेराला आली. शिक्षा झालेल्यांपैकी फारच थोड्या जणी मायदेशी परतू शकल्या. गोधडी मात्र इंग्लंडला परतली आणि पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेली. आता ती इतकी जीर्ण आहे की अंधारात ठेवतात आणि क्वचितच, थोड्या दिवसांपुरती, मंद उजेडात मांडतात.

त्या १८० स्त्रियांची नावे सरकारी दप्तरात आहेत : गुन्हा, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा, सारे काही. ट्रूडी काउली आणि डायान स्नोडन या दोन संशोधिकांनी त्यांच्या पुढच्या आयुष्यांचा माग काढून २०१३ मध्ये ग्रंथ सिद्ध केला : कोणाचे लग्न झाले, कोणाची मुले गेली, कोणाला पुन्हा शिक्षा झाली. परंतु कोणता तुकडा कोणी शिवला, हे गोधडीवर कोठेही नाही. लेखात नाव आहे ते जहाजाचे आणि मंडळाचे.

मागच्या आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंनी मला शिवणाच्या खोलीतील जुने कपाट उघडून दाखवले. बाईंनी जपलेले आमच्या वेळचे नमुने त्यात आहेत : काजे, रफू, फुलीटाका, साखळीटाका. प्रत्येकाच्या उलट बाजूस, कोपऱ्यात, बाईंच्या आग्रहाने भरलेली नावाची आद्याक्षरे आहेत. माझा रुमाल मला सापडला; गाठी अजून आहेत. व्याख्यानानंतर ते सारे नमुने खालच्या वर्गात टेबलावर मांडले आहेत. आपापले ओळखून घ्यावेत. आणि ज्या मैत्रिणी आज येथे नाहीत त्यांची आद्याक्षरे कोणाला लागली, तर पूर्ण नाव शेजारच्या वहीत लिहून जावे.