दोन कुलपांची पेटी

इंग्लंडातल्या एखाद्या शेतकरी घराण्याचं मूळ शोधायला निघालेल्या माणसानं एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवलेली बरी. ज्या कागदांना धरून तो मागे मागे जाणार आहे, त्यांतला जवळजवळ एकही घराण्याची आठवण राहावी म्हणून लिहिलेला नाही. कुणाला कर हवा होता, कुणाला खंड, कुणाला दशमांश, तर कुणाला देशातली लोकर खपवायची होती. शेतकऱ्याचे आजे-पणजे त्या हिशेबात आयते सापडले.

पहिली वही 1538 सालची. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं त्या सप्टेंबरात हुकूम काढला. प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, पाद्र्यानं वही ठेवावी, आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं रविवारी चर्चचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डनच्या देखत तीत लिहावीत, आणि ती दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. एका कुलपाची किल्ली पाद्र्याकडे, दुसऱ्याची वॉर्डनांकडे. कसूर झाली तर दंड तीन शिलिंग चार पेन्स. लोकांना यात वेगळाच वास आला. आता जन्मा-मरणावरही पट्टी बसणार, अशी कुजबूज सुरू झाली आणि 1539 मध्ये डेव्हन-कॉर्नवॉलकडून ती थेट क्रॉमवेलच्या कानावर गेली.

खेडवळांची ही शंका तेव्हा फोल ठरली, पण कायमची नव्हे. 1695 मध्ये फ्रान्सशी चाललेल्या लढाईच्या खर्चासाठी जन्म, लग्न आणि दफन या तिन्हींवर खरोखरच कर बसला. पुढे 1783 मध्ये प्रत्येक नोंदीला तीन पेन्सची स्टॅम्प ड्यूटी आली आणि ती 1794 पर्यंत चालली. गरिबांना माफी होती. मग काय, वह्यांमधून गरिबांची संख्या फुगली! चार गायी बाळगणाऱ्याच्या लेकरापुढेही ‘निर्धन’ असा शेरा दिसतो, आणि अडीचशे वर्षांनी वंशज हळहळतात की पणजोबांचं दिवाळं वाजलं होतं. वाजलं असेलही. पण तीन पेन्स वाचवले असण्याचा संभव जास्त.

सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. 1598 मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून काढण्याचा आदेश निघाला. त्यात ‘विशेषतः’ एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या नोंदी उतरवाव्यात, असं म्हटलं होतं. पुष्कळ गावांत लिहिणाऱ्यानं त्या एका शब्दाचा फायदा घेतला आणि आधीची वीस वर्षं सरळ गाळली. म्हणून कित्येक गावांचा इतिहास 1538 ऐवजी 1558 पासून सुरू होतो. त्याच सुमाराला दर वर्षीच्या नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवण्याचा नियमही आला. गावची वही उंदरांनी खाल्ली वा ओलीनं कुजली, तर आज त्या प्रतीचाच आधार.

लोकरीची गोष्ट तर नमुनेदार आहे. 1678 च्या कायद्यानं मृताचं कफन देशी लोकरीचंच असलं पाहिजे असं ठरलं. घरच्या किंवा ओळखीच्या माणसानं आठ दिवसांच्या आत तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं, नाही दिलं तर पाच पौंड दंड. प्लेगनं गेलेल्यांना तेवढी सूट. मेंढ्या पाळणाऱ्यांचा आणि विणकरांचा धंदा टिकावा म्हणून केलेल्या या कायद्यामुळे दफनाच्या नोंदीशेजारी कधी कधी प्रतिज्ञापत्र देणाऱ्या बाईचं नाव येतं. बहीण, सून, शेजारीण. एरवी ज्यांचं नाव कुठल्याच वहीत आलं नसतं अशा बायका लोकरीच्या कृपेनं सापडतात.

तारखांचा घोळ निराळाच. 1752 पर्यंत इंग्लंडात कायद्यानं नवं वर्ष 25 मार्चला लागे. त्यामुळे लग्न 1700 च्या एप्रिलात आणि बाप्तिस्मा 1700 च्याच फेब्रुवारीत, अशी नोंद दिसली तर उतावळा संशोधक लगेच भुवया उंचावतो. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी एप्रिलनंतरचा, आपल्या हिशेबानं 1701 मधला असतो. नवराबायकोचं सगळं रीतसर चाललेलं असतं.

चर्चच्या वहीत माणूस जन्मतो, लग्न करतो आणि मरतो. शेती करताना मात्र दिसत नाही. त्यासाठी जमीनदाराचं दफ्तर उघडावं लागतं. इंग्लंडातले बरेच शेतकरी स्वतःच्या मालकीची जमीन कसत नसत. मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, न्यायसभेतल्या नोंदीची नक्कल हाच त्यांचा हक्काचा पुरावा, आणि हा प्रकार 1926 च्या 1 जानेवारीला मोडीत निघाला. बाप वारला की मुलगा सभेपुढे उभा राहून वारसनोंद करून घेई, नजराणा भरी. पुष्कळ ठिकाणी मेलेल्याच्या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालकाचा माणूस सोडून नेई. सगळीकडे थोरलाच वारस असतो असंही नव्हे. काही मॅनरांत रिवाजानं धाकट्याला जमीन जाई. हे सगळं 1733 पर्यंत लॅटिनमध्ये, लघुरूपांनी खच्चून भरलेलं. हौशी लोकांची पहिली दमछाक इथेच होते.

मृत्युपत्रासोबतची मालमत्तेची यादी मला या सगळ्यांत सर्वांत जिवंत वाटते. दोन-चार शेजारी येत, खोलीखोलीतून फिरत आणि प्रत्येक वस्तूची किंमत मांडत. पितळी पातेली, पिसांची गादी, धुरावर टांगलेलं डुकराचं मांस, शेतात पेरून ठेवलेला गहू, बैल, नांगर, आणि अंगणातला शेणखताचा ढीगसुद्धा. भिंतीवरचं घराण्याचं चित्र या घरांत शोधू नये. माणूस कसा जगला हे पातेल्यांवरून आणि गाद्यांवरूनच ओळखायचं.

एकच मळा पिढ्यान् पिढ्या कसणारं इंग्रज कुटुंब हे कादंबऱ्यांचं लाडकं चित्र. कागद त्याला फारशी साथ देत नाहीत. नॉटिंगहॅमशायरमधल्या क्लेवर्थ गावच्या पाद्र्यानं 1676 आणि 1688 मध्ये गावकऱ्यांच्या याद्या केल्या होत्या. विसाव्या शतकात पीटर लॅस्लेट या इतिहासकारानं त्या ताडून पाहिल्या, तेव्हा पहिल्या यादीतली साठ टक्क्यांच्या आसपास माणसं दुसऱ्या यादीत नव्हती. काही मेली, बाकीची चाकरीला, लग्नाला, दुसऱ्या मळ्यावर निघून गेली. घराण्याचा माग शेजारच्या पॅरिशमध्ये का काढायचा, ते यावरून कळावं.

1851 ते 1881 च्या जनगणनांत शेतकऱ्यानं किती एकर कसतो आणि किती गडी ठेवतो ते सांगायचं असे. 1841 च्या जनगणनेत तो तपशील नाही. शिवाय पंधरा वर्षांवरच्या बहुतेकांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढलेली, म्हणजे एकोणचाळीसचा माणूस पस्तिसाचा. चर्चला द्यायचा दशमांश रोख रकमेत बदलण्यासाठी 1836 च्या कायद्यानंतर काढलेले नकाशे आणि त्यांच्या याद्या जनगणनेच्या जोडीला ठेवल्या, तर शेताचं नाव, जमिनीचा वापर, मालक आणि कसणारा एका ओळीत मिळतात.

ज्याच्या वाट्याला जमीन आली नाही तो पोरगा कधी कधी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होई, आणि डॉर्सेटमध्ये तुटलेला धागा मुंबई इलाख्यात सापडतो. इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत यजमान स्वतः जाऊन पिढ्या सांगतो. इंग्रज शेतकऱ्याला अशी सोय नव्हती.

अपवाद एक सांगायलाच हवा. डेव्हनमधल्या डीन प्रायर गावच्या रॉबर्ट फर्स या शेतकऱ्यानं 1593 मध्ये आपल्या वारसांसाठी स्वतः घराण्याची हकिगत लिहिली. जुने दस्त आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या, कोणती जमीन कुणाच्या लग्नात आली ते मांडलं आणि पूर्वज साधे होते म्हणून लाजू नका, असं मुलांना बजावलं. मात्र त्याच्याही वहीत जमिनीच्या हक्कांना मोठी जागा आहे. वारसाला कोर्टात उभं राहावं लागलं तर कामी यावी, हाही हेतू होताच.

अलीकडच्या काळात यावं तर वाट पुन्हा अडते. 1931 च्या जनगणनेचे इंग्लंड-वेल्सचे कागद 1942 मध्ये आगीत जळाले. 1941 मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. शेतकरी घराण्यांपुरती त्या पोकळीत एक गोष्ट हाताशी येते. 1941 ते 1943 मध्ये सरकारनं पाच एकरांवरच्या सगळ्या मळ्यांची पाहणी केली. उंदीर, ससे, पाणी, वीज, कुंपणं, सगळं पाहून शेतकऱ्याला अ, ब किंवा क श्रेणी दिली, आणि श्रेणी खालची असेल तर कारणही लिहिलं: म्हातारपण, भांडवल नाही, किंवा सरळ ‘वैयक्तिक दोष’. हे फॉर्म लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये कुणालाही पाहता येतात. 1951 ची जनगणना मात्र शंभर वर्षांच्या नियमामुळे 2052 पर्यंत बंद आहे.