पट्टा, थर आणि लय : गायतोंडे यांच्या चित्रांच्या संदर्भात

बा. सी. मर्ढेकरांच्या लयतत्त्वाची मराठीतील चर्चा बहुधा साहित्याच्या अंगाने झाली. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील संवाद, विरोध व समतोल या लयनियमांची कसोटी मात्र जेथे विषयवस्तू उरतच नाही, अशा चित्रात अधिक स्पष्टपणे लागते. पट्ट्यांचे अमूर्त चित्र हे त्याचे टोकाचे उदाहरण होय.

अमेरिकेत फ्रँक स्टेला यांनी १९५८-५९च्या सुमारास, तर इंग्लंडमध्ये ब्रिजेट रायली यांनी १९६७नंतर पट्टा हाच रचनेचा आधार केला. पट्ट्याची कडा लगतच्या दोन्ही रंगांची असते. त्यामुळे आकृती आणि पार्श्वभूमी हा भेद मावळतो. शेजारचे रंग परस्परांना बदलतात, हा शेव्ह्रल यांनी १८३९मध्ये मांडलेला सिद्धान्त रायली यांच्या चित्रांत प्रत्ययास येतो. समान रुंदीतून संवाद, रंगभेदातून विरोध आणि समग्र पटातून समतोल सिद्ध होतो. येथे भूमिती रंगाला मर्यादित करीत नाही. त्याला प्रकट होण्यास अवसर देते.

वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांची चित्रे या मांडणीपुढे प्रश्न उभा करतात. गोमंतकीय कुटुंबातील हे चित्रकार १९४८मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले आणि १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. एवढ्यावरून त्यांच्या आडव्या रंगपट्ट्यांचे मूळ अमेरिकेत शोधणे सोपे, पण अपुरे आहे. त्यांच्या पट्ट्याला निश्चित कडाच नसते. रूळ आणि रंगपाते यांनी रंग चढविला व खरवडला जातो. खालचा थर वरच्या थरातून झिरपत राहतो. म्हणजे विरोध शेजारच्या रंगांत नसून आधीच्या आणि नंतरच्या रंगांत असतो. आपल्या चित्रांना अमूर्तापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे त्यांना अधिक मान्य होते.

चित्र अवकाशाचे आणि काव्य काळाचे, ही लेसिंग यांची १७६६मधील विभागणी येथे डळमळते. मर्ढेकरांचे लयनियम त्याज्य ठरत नाहीत; त्यांना कालक्रमाची जोड द्यावी लागते. याचा लाभ साहित्यसमीक्षेलाही आहे. कवितेतला शब्द केवळ लगतच्या शब्दाशी नाते जोडत नाही. त्याखाली पूर्वीच्या प्रयोगांचे अर्थ शिल्लक असतात. रूपवादात अर्थाला स्थान नाही, हा आक्षेप या दृष्टीने पुन्हा तपासून पाहावा लागेल.