दुष्काळी मुलखातली जाड माणसे

मराठीत माणसाचे वजन वाढले की 'तब्येत सुधारली' असे म्हणतात आणि कमी झाले की 'उतरला' म्हणतात. लहान मूल 'बाळसे धरते', मोठा माणूस 'अंग धरतो', आणि ज्याने ते धरलेले नाही तो 'वाळतो', 'सुकतो', 'झडतो'. ही सगळी क्रियापदे झाडापिकाची आहेत हे भाषा शिकवणाऱ्यांच्या लक्षात यायला हरकत नाही. खात्यापित्या घरचा, गुटगुटीत, भरल्या अंगाची हे कौतुकाचे शब्द. उलट 'दोंद' हा शब्द आमच्या ग्रामीण कथेने बहुतेक वेळा सावकारासाठी राखून ठेवला. म्हणजे जाडेपणाकडे पाहण्याच्या मराठीत दोनच तऱ्हा होत्या. तो सुबत्तेचा तरी होता किंवा दुसऱ्याच्या ताटातून ओढून घेतलेला तरी. तो आजार असू शकतो, ही तिसरी तऱ्हा बोलभाषेत आलीच नाही.

वैद्यकात मात्र ती फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित देहांचा एक स्वतंत्र अध्याय आहे. अति उंच, अति ठेंगणा, अति केसाळ, केसच नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश असे ते आठ. त्यातही शेवटच्या दोघांचा विचार विस्ताराने आहे, आणि कृश माणूस स्थूलापेक्षा बरा, कारण स्थूलाचा उपचार अधिक कठीण, असा निर्वाळाही तिथे मिळतो. हा निर्वाळा देणाऱ्या परंपरेच्याच प्रदेशात पुढची कित्येक शतके सामान्य माणसाला स्थूल होण्याची संधीच मिळाली नाही, ही गोष्ट वेगळी.

वऱ्हाडाचा आणि त्यातही बुलडाणा जिल्ह्याचा इतिहास भुकेच्या बाजूने वाचता येतो. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन दुष्काळ या मुलखाने पाठोपाठ पाहिले. याच जिल्ह्यातल्या शेगावी १८७८ मध्ये गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींतली शिते वेचून खाताना, असे परंपरा सांगते. एका साधूची पहिली ओळख म्हणून लोकांनी हेच चित्र का जपले असावे, याचा विचार आम्ही दुष्काळाच्या नोंदी वाचताना वारंवार केला आहे. नंतरचा १९७२ चा दुष्काळ तर आमच्या आईवडिलांच्या पिढीने अंगावर काढला. लाल मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामे, त्यातून आकाराला आलेली आणि १९७७ च्या कायद्याने पक्की झालेली रोजगार हमी योजना. हा इतिहास आमच्या घरांत पुस्तकातून आलेला नाही. तो जेवताना, 'ताटात टाकू नको' या वाक्यातून आलेला आहे.

त्याच १९७२ साली अमेरिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. गणित नवे नव्हते. बेल्जियमच्या क्वेतले यांनी ते १८३० च्या दशकातच मांडले होते. कीज यांनी ते पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांवर पडताळून पाहिले. ते देश म्हणजे अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नव्हता, आणि बाई एकही नव्हती. तरीही पुढे अर्धे शतक हाच आकडा आमच्याकडच्या दवाखान्यांतल्या भिंतींवर टांगला गेला.

कीज यांचे नाव येथेच सोडता येत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी छत्तीस तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. युद्धात उपाशी राहिलेल्या युरोपाला पुन्हा खायला कसे घालायचे, हे त्यांना शोधायचे होते. त्या तरुणांना झोपेत अन्न दिसू लागले, ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि उपासमार संपल्यावर त्यांनी इतके खाल्ले की आधीपेक्षा जास्त चरबी अंगावर चढली. भुकेला स्मरणशक्ती असते, असे या प्रयोगावरून म्हणता येईल. आणि योगायोग असा की, वजन उतरवण्यासाठी आतड्याला वळसा घालण्याच्या शस्त्रक्रियेचा पहिला ठळक अहवाल, १९५४ चा क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांचा, त्याच मिनेसोटा विद्यापीठातून आला. एकाच आवारात दहा वर्षांच्या आत भूक लावण्याचे आणि अन्न पचू न देण्याचे असे दोन्ही अभ्यास झाले.

तो पहिला मार्ग फसला. लहान आतड्याचा बहुतेक भाग वगळल्याने वजन उतरे, पण यकृत निकामी होणे, मूतखडे, न थांबणारे जुलाब असे त्याचे मोल होते. १९६६ मध्ये आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी जठरालाच छोटे करण्याचा मार्ग धरला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायका पुन्हा जाड होत नाहीत, हे त्यांच्या नजरेत भरले होते. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चाळिसाच्या वर निर्देशांक असलेल्यांना, किंवा पस्तिसाच्या वर असून सोबत गंभीर आजार असलेल्यांना ही शस्त्रक्रिया योग्य असल्याचे मान्य केले. १९९४ पासून ती दुर्बिणीतून होऊ लागली आणि पोट उघडण्याची गरज संपली. आज आपल्याकडे सर्रास होणारी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ही खरे तर मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती. अति जाड रुग्णांना पूर्ण शस्त्रक्रिया सोसणार नाही म्हणून आधी जठराचा मोठा भाग काढून त्याची केळ्याएवढी नळी ठेवायची, उरलेले नंतर करायचे, अशी ती योजना. पण अनेकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही. कारण काढून टाकलेल्या भागातच, १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडलेले, 'घ्रेलिन' हे भूक चाळवणारे संप्रेरक मुख्यतः तयार होते. भूक ही इच्छाशक्तीच्या पलीकडची, रसायनांची गोष्ट आहे हे शल्यचिकित्सकांना असे मागच्या दाराने कळले.

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोचला तो दोन बातम्यांमुळे. सप्टेंबर २०११ मध्ये भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष आणि आमच्या विदर्भाचे नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यांनी ती लपवली नाही, आणि आमच्या मते त्या एका उघडपणाने शंभर व्याख्यानांचे काम केले. दुसरी बातमी २०१७ ची. सुमारे पाचशे किलो वजनाची म्हणून जगभर गाजलेली इमान अहमद ही इजिप्तची स्त्री फेब्रुवारीत मालवाहू विमानाने मुंबईत आली. क्रेनने तिला रुग्णालयात नेले, त्याचे चित्रीकरण झाले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. नंतर तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबूधाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये तिथेच तिचा मृत्यू झाला. त्या चित्रीकरणात एक आजारी बाई कमी आणि एक वजन जास्त दिसत होते, ही आमची तक्रार आजही आहे.

येथे आमचा स्वतःचा संबंध सांगणे भाग आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका रुग्णालयात स्लीव्ह शस्त्रक्रिया करून घेतली आणि दुसरा त्या काळात सोबत होता, म्हणून पुढचा अनुभव दोघांचा आहे. वजन ११८ किलो, उंची १७० सेंटिमीटर, निर्देशांक एकेचाळिसाच्या जवळ, शिवाय मधुमेह. आधी दोन आठवडे पातळ आहार, म्हणजे यकृत आकसते आणि दुर्बिणीला वाट मिळते. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची. नंतर औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजून घोट घोट पाणी. पुढे वरणाचे पाणी, ताक, मग आसट भात, मग कित्येक आठवड्यांनी अर्धी भाकरी. चौथ्या महिन्यात केस गळू लागले. बी-१२ आणि लोह जन्मभर घ्यायचे आहे. वर्षभरात वजन ८२ वर आले, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, आणि कातडी मात्र सैल झालेल्या गोधडीसारखी राहिली.

हे सगळे वैद्यकीय झाले. गावाकडचे वेगळे होते. तिकडे माणूस एकाएकी उतरतो तो क्षयाने, साखरेने नाहीतर कॅन्सरने. भेटायला येणारी मंडळी प्रथम आवाज खाली आणून 'नक्की काय निघालं?' विचारत. खरे सांगितले की त्यांचा चेहरा आणखी पडे. आजार तरी समजतो, पण पैसे मोजून भूक कापून टाकणे समजत नाही. वडील चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "आमच्या टायमाले लोकं पोट भरासाठी खडी फोडत होते, अन् तू पोट कापून आला." यात राग होता की आश्चर्य, हे आम्हांला आजही ठरवता येत नाही. मात्र या वाक्यात १९७२ ते आजपर्यंतचा वऱ्हाडाचा सगळा आर्थिक इतिहास आहे, एवढे नक्की.

त्याच हिवाळ्यात हिवरा आश्रमाची पंगत आली. मेहकर तालुक्यातल्या या गावाला शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमाने नाव मिळवून दिले. महाराज रुग्णसेवेसाठीही प्रसिद्ध होते. २०१७ मध्ये ते गेले, तरी विवेकानंद जयंतीचा उत्सव तिथीने, पौष वद्य सप्तमीच्या सुमारास, भरतोच. शेतात रांगाच्या रांगा बसतात, आणि पुरी नि वांग्याची भाजी वाढायला ट्रॅक्टर फिरतात, कारण लाखांवर माणसांना हाताने वाढणे शक्य नाही. हे दृश्य पाहिले की भूक या मुलखाला किती खोल लागलेली आहे ते कळते. येथे अन्न केवळ पुरेसे असून चालत नाही, ते ओसंडताना दिसावे लागते. आणि विवेकानंदांच्या नावे ते ओसंडावे हेही उचितच. १८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेत, भारताची निकड धर्माची नसून भाकरीची आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. तेच विवेकानंद मधुमेहाचे रुग्ण होते आणि १९०२ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, ही गोष्ट आश्रमाच्या पंगतीत कुणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही.

त्या पंगतीत आमच्यातल्या एकाला एक पुरी संपवायला वीस मिनिटे लागली. वाढणारा पोरगा दुसरी टाकून पुढे गेला होता. प्रसाद टाकायचा नाही आणि पोटात तर जागा नाही. शेजारच्या अनोळखी आजीने न विचारता ती पुरी उचलून पदरात बांधली आणि म्हणाली, "राहू दे बापा, नातवाले होईल." पंगतीने असल्या अडचणीची सोय फार पूर्वीच करून ठेवलेली असते.

राहिला प्रश्न निर्देशांकाचा. आशियाई माणसाला कमी वजनावरच मधुमेह गाठतो म्हणून आपल्याकडच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची मर्यादा ३७.५, आणि आजार असल्यास ३२.५ अशी खाली आणली. पण विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित कलमात आकडे आहेत ते चाळीस आणि पस्तीसच. म्हणजे डॉक्टर वऱ्हाडी देह मोजतो आणि विमा कंपनी अमेरिकन. दोहोंच्या मध्ये सापडलेल्या माणसाला शेत गहाण ठेवूनच पोट लहान करता येते, किंवा तो करत नाही. २०२५ पासून भारतात आठवड्याच्या इंजेक्शनांची औषधे आली आहेत, त्यांनीही भूक मंदावते. पण आठवड्याला एक टोचून घेणे जन्मभर परवडणारे आमच्या परिचयात थोडेच.

या मर्यादा खाली का आणाव्या लागल्या, याचे एक उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा माग ठेवला आहे. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्रज बाळे साडेतीन किलोची. पण त्या रोडक्या बाळांतही चरबी तुलनेने टिकून होती, हरवले होते ते स्नायू. आईच्या पोटात, कदाचित आजीच्याही पोटात, अन्न कमी पडले की बाळ पुढच्या दुष्काळाची तयारी करूनच जन्माला येते, असा त्याचा अर्थ लावला जातो. दुष्काळ आला नाही, रेशनचा गहू, साखर आणि तेल आले, की ती तयारी अंगावर उलटते. त्या सहा गावांतली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांच्या रक्तात साखर वाढू लागली होती, आणि अंगाने ती सडपातळच होती.