ताकदीसाठी जन्मली, धुरामुळे जगली

जुन्या एसयूव्हीच्या मालकाला गॅरेजात ऐकावे लागणारे सर्वांत महागडे दोन शब्द म्हणजे ‘ईसीएम गेला’. सेल्फ फिरतो, बॅटरी ठणठणीत आहे, टाकीत डिझेल आहे, पण इंजिन पकडत नाही. किंवा पकडते आणि गरम झाल्यावर नेमके सिग्नलला बंद पडते. वायरमन स्कॅनर लावतो, स्कॅनरला गाडीकडून काही उत्तर मिळत नाही, आणि मग हा निकाल येतो. महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपला हा आजार होणे शक्य नव्हते, कारण ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, हा अवयवच तिला नव्हता. पंप यांत्रिक, इंजिन बंद करायला एक नॉब ओढायचा, की झाले. हा अवयव मोटारीत शिरला कसा आणि पुढे बदलायला इतका अवघड का होऊन बसला, ही कुळकथा सांगायला सोयीची गाडी मात्र जीपच आहे, फक्त अमेरिकेतली.

इंजिनाने आपला हिशेब आपणच ठेवावा ही कल्पना आधी विमानात आली. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन फोके-वुल्फ 190 या लढाऊ विमानाच्या बीएमडब्ल्यू 801 इंजिनावर ‘कोमांडोगेरेट’ नावाचे यंत्र होते. वैमानिक एकच दांडा पुढे-मागे करी. इंधनाचे मिश्रण, ठिणगीची वेळ, पंख्याच्या पात्यांचा कोन हे सगळे ते यंत्र तेलाच्या दाबावर आणि कळसूत्रांवर जुळवून घेई. त्यात ट्रान्झिस्टर नव्हता, पण काम तेच होते.

मोटारीत हे काम विजेवर आणण्याचे धाडस बेंडिक्स या अमेरिकी कंपनीने केले. तिच्या ‘इलेक्ट्रोजेक्टर’मध्ये इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते एक इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवी. अमेरिकन मोटर्स कंपनीने 1957 च्या रॅम्बलर रेबेलसाठी ती जाहीर केली. हेतू सरळ होता: ताकद. कार्बोरेटरवर 255 अश्वशक्ती, इलेक्ट्रोजेक्टरवर 288. प्रत्यक्षात थंडीत गाडी सुरू होईना, आणि नमुन्याच्या गाड्यांपलीकडे प्रकरण गेले नाही. पुढच्या वर्षी क्रायस्लरने ती आपल्या महागड्या मॉडेलांवर बसवली. जेमतेम 35 गाड्या झाल्या, आणि त्यांतल्या बहुतेकांवर कंपनीलाच कार्बोरेटर चढवून द्यावे लागले. गणित बरोबर होते. त्या काळचे इलेक्ट्रॉनिक भाग बॉनेटखालची उष्णता, थंडी आणि हादरे सोसणारे नव्हते. म्हणजे इंजिनाची इलेक्ट्रॉनिक पेटी बदलण्याची पहिली मोहीम तिच्या जन्माबरोबरच निघाली, आणि बदलून काय बसवले, तर कार्बोरेटर!

बेंडिक्सचे पेटंट बॉशकडे गेले. 1967 मध्ये फोक्सवॅगन 1600 वर बॉशची डी-जेट्रॉनिक आली आणि ती चालली. तिच्यात प्रोग्रॅम वगैरे काही नव्हते. हवेचा दाब मोजायचा आणि त्या प्रमाणात इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ट्रान्झिस्टरच्या सर्किटने ठरवायचे. तरीही ही चैनीचीच वस्तू राहिली असती. कार्बोरेटर स्वस्त होता, कोणताही फिटर तो खोलून, धुऊन बसवू शकत होता.

पेटीला तारले ते लॉस एंजेलिसच्या हवेने. तिथल्या डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याचे मूळ एका डच रसायनशास्त्रज्ञाने शोधले. आरी हागेन-स्मिट कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. त्याच कौशल्याने त्यांनी शहरातली हवा तपासली आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर ऊन पडले की हे धुरके तयार होते. मोटार कंपन्यांना हे पचायला वेळ लागला. अमेरिकेचा 1970 चा स्वच्छ हवा कायदा आला आणि त्याने काही वर्षांत मोटारींचे मुख्य प्रदूषक 90 टक्क्यांनी कमी करा असे सांगितले. पाठोपाठ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. एका दमात तिन्ही प्रमुख विषारी वायू निकामी करणारा कन्व्हर्टर मात्र नखरेल निघाला: हवा आणि पेट्रोलचे वजनी प्रमाण 14.7 ला 1 च्या आसपास असेल तरच तो नीट काम करतो. कार्बोरेटरला हे क्षणाक्षणाला सांभाळणे जमणारे नव्हते. 1976 मध्ये व्होल्वोने एक्झॉस्टमध्ये बॉशचा ऑक्सिजन सेन्सर बसवला. आता धूर स्वतःच सांगू लागला की पेट्रोल जास्त झाले की कमी, आणि ते ऐकून लगेच दुरुस्ती करायला कोणीतरी हवे होते.

ते कोणीतरी म्हणजे मायक्रोप्रोसेसर. जपानच्या तोशिबाने 1973 मध्ये 12 बिटांचा प्रोसेसर तयार केला तोच मुळी फोर्डच्या इंजिनांसाठी. 1977 च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोमध्ये जनरल मोटर्सने ठिणगीची वेळ मायक्रोप्रोसेसरवर सोपवली. 1981 पासून अमेरिकेतल्या तिच्या पेट्रोल मोटारींत सरसकट संगणक आला.

ही पहिली पिढी बदलायला सोपी होती. जनरल मोटर्सच्या पेटीत एक छोटी चिप सुटी बसवलेली असे. कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स याचे सारे तपशील त्या चिपेत. नवी पेटी चिपेशिवाय मिळे. मेकॅनिक जुन्या पेटीतली चिप अलगद उपटून नवीत खोचे आणि गाडी घेऊन जा म्हणे. पेटी कोणाचीही असली तरी चालत होते.

आता जीप. अमेरिकन मोटर्सने 1984 च्या मॉडेल वर्षात जीप चेरोकी आणली. आज ज्याला एसयूव्ही म्हणतात त्या घराण्याची ती आद्य गाड्यांपैकी एक. 1987 मध्ये तिला चार लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन मिळाले, आणि ते सांभाळणारी पेटी होती ‘रेनिक्स’ची. रेनिक्स म्हणजे रेनॉ आणि बेंडिक्स यांची भागीदारी. तीस वर्षांपूर्वी ज्या दोन कंपन्यांचा डाव फसला होता, त्याच अमेरिकन मोटर्स आणि बेंडिक्स पुन्हा एकाच बॉनेटखाली आल्या, आणि या वेळी डाव जमला. योग असा की त्याच 1987 मध्ये क्रायस्लरने अमेरिकन मोटर्स विकत घेतली आणि 1991 च्या मॉडेलपासून चेरोकीत स्वतःची पेटी बसवली.

रेनिक्सवाल्या चेरोकीत ‘चेक इंजिन’चा दिवाच नव्हता आणि बिघाडाचे कोड साठवून ठेवण्याची सोयही नव्हती. क्रायस्लरच्या पेटीत ती आली: चावी तीनदा चालू-बंद केली की दिवा लुकलुकून आकडा सांगे. पण रेनिक्सची पेटी डॅशबोर्डखाली, प्रवाशांबरोबर बसे, म्हणून ती दीर्घायुषी ठरली. या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांचा अनुभव असा की दहा तक्रारींत पेटी क्वचितच दोषी असते. दोषी असतो बॉनेटखालच्या पत्र्यावरचा एक मोठा कनेक्टर, किंवा फ्लायव्हीलजवळचा क्रँक सेन्सर, किंवा गंजलेला अर्थ. तो कनेक्टर इतका बदनाम झाला की पुढे कंपनीनेच तो काढून टाकला, आणि जुन्या गाड्यांचे मालक तो कापून वायरी थेट झाळतात.

पेटी खरोखर मरते तेव्हाही तिचा मेंदू बहुधा शाबूत असतो. मरतात ते कपॅसिटर, अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतले, वाटाण्याएवढे. त्यांच्या आत द्रव असतो आणि त्यांचे आयुष्य तापमानावर ठरते: दहा अंश कमी, तर आयुष्य साधारण दुप्पट. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत बनलेल्या अनेक जपानी पेट्यांत ते वयोमानाने गळू लागले. सुझुकीची पहिली व्हिटारा, जी अमेरिकेत साइडकिक आणि जिओ ट्रॅकर या नावांनी विकली गेली, या दुखण्यासाठी प्रसिद्धच आहे. गळलेला द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. झाकण उघडले की सडक्या मासळीसारखा वास येतो; अनुभवी कारागीर निदान नाकाने करतो. वेळीच पाहिले तर दुरुस्ती काही रुपयांच्या कपॅसिटरची. रेषा खाल्ल्या गेल्यावर मात्र पेटी बदलण्याखेरीज फारसा इलाज उरत नाही.

आणि इथेच जुना सोपेपणा संपतो. 1996 पासून अमेरिकेत सर्व नव्या मोटारींना सारखेच 16 पिनांचे सॉकेट आणि ठरावीक कोड सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. पण त्याच सुमारास सुटी चिप गेली, माहिती थेट पेटीच्या स्मृतीत लिहिली जाऊ लागली. मग चोरांचा बंदोबस्त: युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक झाला. चावी आणि पेटी एकमेकींना ओळखतील तरच इंजिन सुरू. कॉमन रेल डिझेलमध्ये तर अनेक ठिकाणी प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड पेटीत भरावा लागतो, कारण एकसारखे दिसणारे दोन इंजेक्टर अगदी एकसारखे डिझेल सोडत नाहीत. कोणाच्याही गाडीत बसणारी पेटी आता एकाच गाडीची झाली.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आणि एकदम आले, तेही धुराच्या नियमांमुळेच. 2000 मध्ये देशभर युरोपच्या धर्तीवरचे पहिले उत्सर्जन मानक, 2001 मध्ये मुंबईत त्याच्या पुढची पायरी. पुण्याची सफारी 1998 ची आणि नाशिकची स्कॉर्पिओ 2002 ची. दोघी सुरुवातीला यांत्रिक पंपावर धावल्या आणि पुढच्या काही वर्षांत कॉमन रेलवर, म्हणजे पेटीवर आल्या. सातपूरला ज्या कारखान्याला लोक ‘मायको’ म्हणत, तो बॉशचा कारखाना डिझेलचे नोजल आणि इंजेक्टर बनवतो, तेव्हा हे घराणे आपल्यालाही अगदी परके नाही. त्या पहिल्या पेटीवाल्या गाड्या आता वयात आल्या आहेत, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेली ‘सेम टू सेम’ पेटी लावूनही गाडी सुरू का होत नाही, हा प्रश्न गॅरेजात रोजचा झाला आहे. त्या पेटीला दुसऱ्याच गाडीची चावी आठवते, एवढेच त्याचे उत्तर.

तेव्हा ‘ईसीएम गेला’ हे ऐकल्यावर पैसे काढण्याआधी तीन गोष्टी मागा: पेटीच्या कपलरवर बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज येतो का हे मीटरवर दाखवा म्हणा, इंजिन आणि बॉडीमधली अर्थची वायर साफ करून पुन्हा सेल्फ मारायला सांगा, आणि पेटी उघडून कपॅसिटर पाहू द्या म्हणा. एवढे करूनही बदलायचीच वेळ आली, तर आधी कोडिंग कोण करून देणार ते ठरवा, आणि नवी पेटी लागून गाडी नीट चालेपर्यंत जुनी पेटी कोणाला देऊ नका. तिच्यातली माहिती उतरवून घ्यावी लागू शकते.